आतून की बाहेरून

बाबा,

टेंभुर्णीच्या शाळेत तुम्ही एकाच खोलीत पहिली आणि दुसरी सांभाळायचात, म्हणून असेल, घरात माझं काम फक्त तुम्हालाच कळलं. जंतूंमध्ये एक एन्झाइम असतं, ते एकटंच दोन कामं करतं, एवढंच मी सांगितलं होतं. चहाची बशी तशीच हातात धरून तुम्ही विचारलंत, "मंग पहिल्या कामातून निघालेला माल दुसऱ्याकडं जातो कसा? आतल्या आत, का बाहेर पडून?" मी म्हणालो, त्या एन्झाइमचा स्फटिक मिळाला आणि क्ष-किरणांनी त्याची रचना दिसली की सांगतो.

एके दिवशी काचेवरच्या थेंबात स्फटिक चमकला आणि मी घाईघाईनं तुम्हाला फोन केला. तुम्ही राजूरहून पेढे आणून गावभर वाटलेत. दुसऱ्या दिवशी मी स्फटिकाला सुई टेकवली. एन्झाइमचा स्फटिक सुईखाली अलगद कुस्करला जातो. हा कट्टकन फुटला. द्रावणातलं मीठ होतं. आमच्यात नवशिक्यांची अशी फजिती होतेच, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाजण्यासारखं पुढं घडलं. तुमचा फोन आला, मागं पारावरच्या माणसांचा आवाज. "स्पीकर लावलाय, सांग. आतून जातं का बाहेरून?"

"आतूनच, बाबा."

"मी म्हन्लो न्हवतो का!" तुम्ही त्यांना सांगत होतात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

खरा स्फटिक यंदा मिळाला. त्यात आतून वाटबिट काही नाही. दोन्ही कामांच्या जागांची तोंडं विरुद्ध बाजूंना आहेत, माल बाहेर पडूनच जातो. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग पेढे घेऊन गावी तुमच्या शाळेत गेलो, सगळं खरं सांगायचं ठरवून. तुमच्या हाताखालचे ते तरुण मास्तर आता मुख्याध्यापक आहेत. स्फटिक मिळाल्याचा म्हणून पेढा दिला, तो हातात घेऊन ते हसले. "अहो, हे तर गुरुजींनी मागंच वाटल्ते की! माल आतून कसा जातो, ते पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे." त्यांनी वर्गातच ते चित्र काढलं, दोन खोल्या आणि मधे एक दार. "बराबर ना, डॉक्टर?"

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "बराबर."

तुमचा शब्द राखला, असं परतताना एसटीत स्वतःला समजावत आलो. राखली ती माझीच अब्रू, बाबा. आणि एक राहिलं, जे या कागदाबाहेर कुणाला सांगवणार नाही. त्यांनी खडू माझ्या हातात दिला होता. मी ते दार आणखी ठळक केलं.