लग्नपत्रिकांच्या पाठीमागे

देवरी, ता. १२ डिसेंबर १९५४

सौ. धुरपतास मनिरामकडून आशीर्वाद व खुशाली.

माझा खोकला बराच कमी आहे. चुरणा आटोपून, मळलेले धान घरात आले काय? आपल्या धाकट्या कवडूचा ताप उतरला काय?

जुन्या काव्यांचे अभ्यासक पंडितजी वारले, त्यांचे कागद मी लावून राहिलो आहे. काल त्यांच्या पत्नी सावित्रीबाई लग्नपत्रिकांचा गठ्ठा चुलीत घालायला निघाल्या. माझ्या नजरेने हेरले, पत्रिका नीट बांधलेल्या, पण तारखा मागेपुढे; म्हणजे क्रम दुसराच काही असणार! थांबा म्हणून मी ओरडलोच.

"काऊन जी? लोकायचे लग्न कवाचेच झाले!"

उलटून पाहिले, तर प्रत्येकीमागे एका जुन्या काव्याची एकेक ओवी व तिचा अर्थ, अगदी क्रमाने. एकशे सदुसष्ट ओव्या, एकही गहाळ नाही. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "नवा कागद घ्या म्हनलं, तर आयकत नव्हते!"

हे कागद पाहायला नागपूरचे एक प्राध्यापक परवा येतील. मी चौथी पास आहे, हे त्यांना शेवटी सांगेन.

एकोणचाळिसावी पत्रिका आपल्याच लग्नाची निघाली, तुझ्या बाबांनी धाडलेली. हळदीचे बोट अजून आहे. तुझ्यासाठी खिशात घातली होती, पण मग जागेवर परत ठेवली. तिच्यामागची ओवी तेवढी उतरवून घेतली आहे. घरी आलो की वाचून दाखवीन.

काळजी करू नकोस.

मनिराम