तिसरी गोळी

पासिर रिस, सिंगापूर
२ डिसेंबर २०१३

ती. उल्हासदादास,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. काय झालं ते रत्नावहिनीकडून कळलं. वनखात्याचा परवाना घेऊन तू रताळ्याच्या मळ्यात रानडुकरांवर तीन गोळ्या झाडल्यास. पहिलीला एक जागीच पडलं, तिसरीला दुसरं नुसतं जखमी होऊन पळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच शेजारच्या गुरुप्रसादची मांडी फाडली. ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. इथे आमच्या बसस्टॉपमागच्या झाडीतूनही रानडुकरं येतात, लोक हौसेने फोटो काढतात. काल एक दिसलं तर मी ऋचाचा हात धरून चक्क पळत सुटले. लेकीने इथल्या बोलीत रिलॅक्स लाह, ममी, असं म्हणून मला वेड्यात काढलं.

गावात सगळे म्हणे बोलताहेत की उल्हासची नजर गेली. रागावू नकोस, पण तुझी पंचावन्न उलटली. डोळे तपासून घे. आणि ते जखमी डुक्कर शोधायला तू झाडीत शिरणार असलास, तर बंदूक नक्की कुठे मारते हे कळेपर्यंत एक पाऊल टाकू नकोस. तुला माझी शपथ आहे.

मला पगारच मुळी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मिळतो. आमची रीत एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकव, शंभर पावलांवर कागद लाव, लागोपाठ पाच गोळ्या झाड. वहिनीला दुर्बीण घेऊन बसव, म्हणजे कुठलं भोक कितव्या गोळीचं ते कळेल. तसे नंबर घालून ते कागदच मला पाठव, फोटोत नीट समजत नाही. मात्र पाकिटात रिकामं काडतूस गंमत म्हणूनही घालू नकोस. इथे तेवढ्यावरून पोलीस दारात उभे राहतील, आणि बायकोला सोडवायला सारंगला रजा मिळायची नाही.

लोभ आहेच, तो रागातही असू दे.
तुझी अनघा


कोंडवाडी, जि. रत्नागिरी
१२ डिसेंबर २०१३

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

शपथा घालण्याच्या बाबतीत तू अजून दहा वर्षांचीच आहेस. डोळे तपासले. लांबचं स्वच्छ दिसतं असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, तो कागद चावडीवर लावावा म्हणतो. बंदुकीचे स्क्रू आवळले, नळी साफ केली, नेम धरायची टोकावरची माशी हलत नाही ना ते पाहिलं, काडतुसं नवी घेतली. एका वेळी एकच, तुझ्या हुकुमाप्रमाणे.

दोन कागद पाठवतो आहे. पहिला माझ्या पद्धतीचा. एक गोळी झाडायची, चालत जाऊन बघायची, परत येऊन दुसरी. पाचही मध्यात, एका वाटीखाली झाकतील. दुसरा तुझ्या पद्धतीचा, रत्नाला दुर्बीण देऊन लागोपाठ झाडलेला. पहिली मध्यात, दुसरी दोन बोटं वर, तिसरी चार बोटं, पाचवी तर वीतभर वर.

म्हणजे बंदूक निर्दोष आहे, अनू. घाई झाली की माझाच हात जातो. गावाचं बरोबर आहे. ते डुक्कर ओढ्याकाठच्या करवंदीत आहे, परवा त्याने दोन कुत्री फाडली, बायका पाण्याला जायच्या थांबल्या. परवाना ३१ला संपतो. २७ तारखेला मी आत जाणार, आणि मग बंदूक ठाण्यात जमा करून टाकणार. तीस वर्षं पुष्कळ झाली. गुरुप्रसादला अजून उभं राहता येत नाही. त्याच्या दारावरून जाताना माझी मान वर होत नाही.

ऋचाला पापा. काळजी करू नये, केलीस तर कळवू नये.
उल्हास


पासिर रिस
२१ डिसेंबर २०१३

ती. दादास,
सा. न.

हे कुरियरने पाठवते आहे. वहिनीला फोन करून एवढंच सांगितलं आहे की माझं पत्र येईपर्यंत तुला घराबाहेर सोडायचं नाही. बाकीचं फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून दोन दिवस बघते आहे. हात हलला तर भोकं चहूकडे पांगतात, दादा. तुझी सरळ रेषेत वर चढली आहेत. पहिल्या वेळी तू जाऊन येईपर्यंत नळी गार व्हायची. दुसऱ्या वेळी ती तापत गेली. तापलेली नळी खालच्या लाकडाला टेकते आणि ते लाकूड तिला वर ढकलतं.

आता ऐक. दसऱ्याला आम्ही आलो होतो तेव्हा शस्त्रपूजेसाठी बंदूक मी चमकवली. तू देवळात गेला होतास. इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्या सवयीने मी ती खोलून लाकडाला आतूनसुद्धा वार्निश लावलं. होड्यांना लावतात ते जाड, आणि एक नव्हे, तीन हात. नळी बसते त्या खाचेतसुद्धा, म्हणजे मधली फटच बुजली. किती नीट काम केलं म्हणून स्वतःवरच खूश होते. तुला बाहेरची चकाकी दाखवली, आतलं सांगितलंच नाही.

या पत्राची कड कापून ती पट्टी नळी आणि लाकडामधून सरकव. अडली तर वार्निश खरवडून काढ आणि लागोपाठ पाच झाडून बघ. त्याआधी करवंदीत शिरू नकोस, हात जोडते.

गुरुप्रसादच्या पायाची ही दशा माझ्यामुळे झाली. हे पत्र त्याला वाचून दाखव. मान खाली घालायची तर ती मी घालायला हवी.

माझ्यावर पूर्वीसारखा लोभ ठेवणं जमेल का, ते कळव.
अनघा


कोंडवाडी
२९ डिसेंबर २०१३

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

पत्र २६ला दुपारी मिळालं. तोवर रत्नाने माझे बूट लपवले होते. पट्टी दोन बोटं आत जाऊन अडली. खरवडायला दोघांना अख्खी संध्याकाळ लागली, तुझ्या तीन हातांना काय काय म्हटलं ते लिहीत नाही. सकाळी लागोपाठ पाच झाडल्या, पाचही वाटीखाली. मग वनपालांना घेऊन करवंदीत गेलो. वीस पावलांवरून ते सरळ अंगावर आलं. तीन गोळ्या लागल्या, आणि तिसरीही जिथे धरली तिथेच बसली. तुझं पत्र वेळेवर आलं नसतं तर हे पत्र रत्नाला लिहावं लागलं असतं.

पण तुझं पत्र मी गुरुप्रसादला वाचून दाखवलं नाही. कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं ते तुला सांगतो. त्या संध्याकाळी दुसरी गोळी डुकराच्या पाठीवरून गेली आणि मागच्या बांधावर माती उडाली. मी डोळ्यांनी पाहिली. गोळी वर जाते आहे हे मला तेव्हाच कळलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मागे दहा-बारा माणसं बघत उभी होती, उल्हासचा नेम चुकला असं कुणी म्हणायला नको होतं. म्हणून अंदाजाने थोडं खाली धरलं आणि चाप ओढला. वार्निश तुझं असेल, अनू. तिसरी गोळी माझी आहे.

काल गुरुप्रसादच्या खाटेशी बसून त्याला हे सगळं तोंडाने सांगितलं. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, सोमवारी ड्रेसिंगला जायचंय, रिक्षात चढताना कुणीतरी धरावं लागतं, तर मी नऊला यावं.

लोभाचं असलं काही पुन्हा विचारू नये.
तुझा दादा