केस की कान

आई,

देवदत्तला साधा खोकला आहे, असं मी तुम्हाला फोनवर सांगते ते खोटं आहे. तुमच्या मुलाला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय, आणि तो पसरलाय. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातलीय. म्हणून हे पत्र नागपूरला येणार नाही.

कोणती केमो घ्यायची, ते उद्या सांगायचंय. डॉक्टर म्हणतात, दोन्ही औषधांनी गुण सारखाच येईल, त्रास तेवढा वेगळा. एकाने केस जातात, बोटं बधिर होतात. दुसऱ्याने केस राहतात, पण ऐकू कमी येऊ शकतं, तेही कायमचं. मी म्हटलं, "पहिलंच घे ना यार, केस परत येतील!" तर म्हणे, "आणि आईला व्हिडिओवर काय दाखवू?" मी चिडून म्हटलं, टोपी घाल, थंडी आहे म्हणून सांग. पण इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, जुलैत कसली आलीय थंडी!

आज व्हिडिओवर तुम्ही म्हणालात, "केस काय दाट आहेत रे तुझे अजून!" तो खूश होऊन हसला. तो काय निवडणार, ते मला तिथेच कळलं.

आई, रोज फोन करत जा त्याला. आणि आतापासून जरा मोठ्याने बोला.

तुमची सून,
नेत्रा