मान मोडलेली बाहुली

राजोडी, वसई
९ ऑक्टोबर १९८२, शनिवार

लिडूबाय हिला,

आयचा आणि बाबांचा आशीर्वाद. बाळाच्या कपाळावर माझ्या नावाने क्रूस काढ. इकडे वाडी ठीक, विहीर ठीक. राजेळी केळी उतरवली, सुकेळी वाळत टाकलीत. मी सोडून सगळं उन्हात आहे.

मी अंथरुणात आहे. घाबरू नकोस, पुढे वाच. मला काही झालेलं नाही. काल घरात कोणी नव्हतं तेव्हा उठले आणि कोळंबीचं कालवण उभ्यानेच भांड्यातून खाल्लं. पण हे फक्त मला आणि फ्लॉसीला ठाऊक आहे, आणि आता तुला. बाबांनाही माहीत नाही.

अक्षराला हसू नकोस. तिसरीत शाळा सुटली, त्यात आडवं पडून लिहितेय. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं हे पत्र नाही. फ्लॉसी माझ्या बहिणीची मुलगी, पण डोकं माझं घेऊन जन्मली. तिला पुढच्या शनिवारी बँकॉकच्या विमानावर ड्युटी आहे. रविवारी मिस्साला ती तुझ्या शेजारी येऊन बसेल, फ्रेडरिकशी गोड बोलेल, त्याच्या आईने पाठवलेली सुकेळी त्याच्या हातात देईल. पत्र तुला बाळाच्या नवीन दुपट्यात मिळेल. घरी नेऊ नकोस. बाळाचं लंगोट बदलायचं निमित्त कर, चर्चच्या संडासात जाऊन वाच आणि फाडून तिथेच पाणी ओढ.

पडून राहणं किती कठीण असतं ते मला आता कळलं. छताची कौलं बघून बघून डोळे दुखले. आंब्याखाली पाचोळा साचलाय, तो झाडायला हात शिवशिवतात. शेजारची कृष्णाबाई माझ्या कोंबड्यांना दाणे टाकते, पण कसे टाकते ते मला इथून ऐकू येतं आणि ओरडता येत नाही. आजारी बाईने ओरडायचं नसतं.

तुझी सासू रोज येते. पेज आणते, उशाशी बसते, मला न्याहाळते. काल म्हणाली, "उर्सुला, तुझा चेहरा तर चांगला टवटवीत दिसतो." मी म्हटलं, "अँजेलिना, ताप चढला की येतो तसा रंग." ती गेल्यावर पेज मांजरीला दिली. डॉक्टरला पोटात दुखतं म्हणून सांगितलंय. पोट काय बोलून दाखवणार आहे? त्याने दाबून बघितलं, मी कळवळले. मुंबईला न्या म्हणाला. मी म्हटलं, मरायचं तर माझ्या घरात मरेन.

सगळ्यात वाईट बाबांचं. ज्या माणसाने आजवर मला तांब्याभर पाणी दिलं नाही, ते आता माझ्या पायाशी बसून पाय चेपतात. संध्याकाळी जपमाळ घेऊन तेर्स म्हणायला बसतात आणि मधेच उठून माझं पांघरूण सारखं करतात. मी भिंतीकडे तोंड करून पडते. दोन वेळा ओठांवर आलं होतं, उठा हो, मला धाड भरलेली नाही. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांना सांगितलं की चहाच्या आधी अँजेलिनाला कळलं, आणि तिला कळलं की तिच्या लेकाला कळलं.

आता मुद्द्याचं लिहिते.

तुझ्या बाळंतपणाला आले तेव्हा फ्रेडरिकने आपल्याला एकदाच बाहेर काढलं, ते जुन्या मडक्यांचं म्युझियम बघायला. मला मासळीबाजार बघायचा होता. तो म्हणाला, बाजारात घाण असते, हे बघा, साहेबांच्या मिसेसने चालवलेलं आहे. मडकी बघायला विमानातून आले काय मी? लाकडाचं एवढंसं घर, तीन खोल्या. दारातल्या शिपायाला त्याने काहीतरी सांगितलं आणि ऑफिसला गेला. थोड्या वेळाने मी नुसती वाऱ्याला म्हणून दाराशी गेले, तर शिपायाने हसत हसत हात आडवा केला. एका कोंडवाड्यातून निघून आपण दुसऱ्यात आलो होतो.

तू बाकावर बाळाला पाजत बसलीस ती उठलीच नाहीस. म्हणून मी काय बघितलं ते तुला माहीत नाही.

तिकिटाला एक पंजाबी बाई होती, कापडवाल्याची बायको. हिंदी बोलायला माणूस मिळाला म्हणून तीच माझ्या मागे लागली. काचेच्या कपाटात शेवाळी हिरव्या रंगाचे वाडगे होते. तळाला मासा काढलेला. कुठला मासा ते काही कळेना, ना बोय ना पाला. तिला विचारलं तर म्हणाली, मैं तो शाकाहारी हूँ. काही भांडी बुडालेल्या गलबतातून काढलेली, त्यांना आपल्या खडकावरच्यासारखी कालवं चिकटलेली. एका कपाटात एकात एक बसलेले वाडगे. भट्टीत जास्त आच लागली आणि एकमेकांना चिकटले, आता सोडवायला गेलं तर सगळेच फुटतील. असलं फुकट गेलेलं कशाला मांडून ठेवलंय, असं मी म्हटलं. ती म्हणाली, जुनं आहे म्हणून.

शेवटच्या खोलीत बाहुल्या होत्या. बोटाएवढ्या, भाजलेल्या मातीच्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या मांडीवर मूल, आणि एकीलाही डोकं नाही. मान मोडलेली. मी म्हटलं, ही कसली निगा ठेवता? ती हसली. तिकडचे लोक असं सांगतात म्हणे, की बाई अडली, आजारी पडली, जिवावर बेतलं, की तिच्या नावाने अशी बाहुली करायची, मूल असेल तर मुलासकट, आणि मुद्दाम तिची मान मोडून बाहेर टाकायची. भूत येतं, ही बाई मेलीच असं समजतं आणि निघून जातं. घरातली बाई वाचते. "भूत को बुद्धू बनाते थे, और क्या," ती म्हणाली.

आपण मीठमिरची ओवाळतो त्यातलंच. पण माझे पाय तिथून हलेनात. त्या बाहुलीने मूल कसं धरलं होतं ते बघत राहिले. मग वळून बाकावर तू बसली होतीस ते बघितलं.

लिडू, मी तुझ्या पाठीला तेल लावत होते. रोज. तू म्हणालीस जिन्यावर पाय घसरला. जिन्याने तू कधी गेलीस? तो ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावतो, मी असतानाही लावत होता, म्हणे चोर फार आहेत. तुझ्याच घरातला फ्रीज उघडताना तू त्याच्याकडे बघत होतीस. म्युझियममधून येताना गाडीत त्याने मला विचारलं, लिडिया तुम्हाला काय काय म्हणाली? मी म्हटलं, झोपली होती. तो आरशात माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच मला कळलं की तिथे भांडण करून उपयोग नाही. मला विमानात बसवून देईल आणि दार लावून घेईल. तुझा आणि बाळाचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, चावी त्याच्या खिशात.

फादरना मी विचारलेलं नाही. प्रार्थना कर, संसार सांभाळायला सांग, असंच म्हणतील. उद्या ते मला आजाऱ्याचं तेल, मरणाला टेकलेल्याला लावतात ते, लावायला येणार आहेत. देवाच्या तेलासमोर खोटं पडून राहायचं, हे मात्र मला जड जातंय. पण ते माझं पाप, देवाकडे माझं मी बघेन.

आता नीट वाच. तू हे वाचशील त्याच्या पुढच्या मंगळवारी बाबा वसईला पोस्टात जाऊन तार करतील, मी मरणाला टेकले, लेकीला आणि नातवाला बघायचा हट्ट धरलाय म्हणून. त्यांना ते खरं वाटतं, म्हणून ती तार कोणालाही खरी वाटेल. तार घरी येणार नाही, त्याच्या ऑफिसात येईल. साहेबाच्या समोर फुटेल. सासू मरायला टेकली आणि बायकोला पाठवत नाही असं चारचौघांत दिसलेलं त्याला चालत नाही, एवढा मी त्याला ओळखते. त्याला स्वतःला नाताळच्या आधी रजा नाही. तो इकडे आईला विचारेल. ती सांगेल, तेल लावून झालं. म्हणूनच मला इथे पडायला लागतंय.

तो येऊन सांगेल तेव्हा तुला आधी कळलं होतं असं तोंडावर दिसू देऊ नकोस. रड. मोठ्याने रड. तुला कारणं कमी नाहीत. बाळाला इथे ठेव म्हणाला तर म्हण, अंगावर पितंय. सोनं मागू नकोस, साड्या भरू नकोस, जुनी पिशवी घे, परत येणार आहेस अशी दिस. मुंबईच्या विमानतळावर फ्लॉसी येईल.

आलीस की परत जायचं नाही. गाव बोलेल. अँजेलिना दारात येऊन बोलेल. बाबासुद्धा बोलतील, मी त्यांना फसवलं म्हणून जास्त बोलतील. मी तोवर उठलेली असेन, मग कोणाला काय बोलायचं ते माझ्याशी बोलू दे.

एवढंच ध्यानात ठेव. तू बाळाला घेऊन अंगणात पाय टाकलास की मी उठेन. त्याआधी मला उठता येणार नाही.

अंथरुणात पडून तुझी वाट बघणारी,
तुझी धडधाकट आय,
उर्सुला