तेवीस किल्ल्या

प्रिय रतन,

पत्र बघून हसशील. सीमेवर फोनला रेंज नसायची तेव्हा रुपावहिनींना तुझी पत्रं मीच लिहायचो, कारण तुझं अक्षर तुझं तुलाच लागत नसे. तू नुसती सही ठोकायचास आणि वर म्हणायचास, इंद्रभान, जरा गोड लिही. आज पहिल्यांदा तुलाच लिहायला बसलोय, तर पहिलीच ओळ तीनदा खोडली.

काल जीपवाला पवन इंझोरीला माझ्या घरी तुझी पिशवी देऊन गेला. आत तांड्यातल्या तेवीस घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर घरमालकाचं नाव. सोबत चिठ्ठी, 'तांडा होळीले वापस येईन तवा ज्याची त्याले देजो.' माझ्या वर्षाराणीने ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "भाऊजी कुठी चालले?" मी तुला अकरा फोन लावले, सगळे वाजून बंद झाले. तू तुझं आवरून ठेवतोयस, असं मला वाटलं. सकाळपर्यंत मी नुसता कूस बदलत होतो.

चूक आमचीही आहे. दिवाळी झाली की तुमचा तांडा ऊसतोडीला जातो, मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. तू रिटायर होऊन आलास, सजवलेल्या जीपमधून मिरवलास, आणि त्याच वर्षी सगळ्यांनी घराच्या किल्ल्या तुझ्या हाती दिल्या. 'फौजी असल्यावर कायची भीती?' त्या दिवशी मीही तुझ्या पाठीवर थाप मारली होती. वीस वर्षं पहारा करून थकलेल्या माणसाला आम्ही परत पहाऱ्यावर उभं केलं आणि त्याला मान म्हणालो. तुझ्याकडे कोण बघणार, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. मला तरी यायला हवा होता.

लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या वहिनींचा नाशिकहून फोन आला होता. सुकेशनी आणि बाळ दोघंही बरी आहेत. नात नाकाने आजोबांवर गेली आहे म्हणे, बिचारी. वहिनी म्हणाल्या, "हे फोनवर नुसते हूं हूं करून राह्यले, भाऊजी. मले काही बरं नाई वाटत." त्यांना मी काल सगळं खरं सांगितलं. रागावलास तर रागाव. त्या आज निघाल्या आहेत.

तुला झोप का लागत नाही ते मला ठाऊक आहे. आपल्या तुकडीतला उत्कर्ष. त्या सकाळी बर्फ कोसळलं तेव्हा तो तुझ्या जागी पहाऱ्यावर गेला होता आणि त्या बर्फाखालीच राहिला. तू तापाने फणफणला होतास. त्याला तू पाठवलं नव्हतंस रे, ड्युटीच्या कागदावर त्याचं नाव मी लिहिलं होतं, आणि मीही बर्फाला विचारून लिहिलं नव्हतं. आठ वर्षांत आपण दोघांनी एकदाही त्याचं नाव काढलं नाही. भेटलो की तुझी मिशी आणि माझं पोट, एवढ्यावरच हसत बसलो.

आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी तुरी सोंगायच्या दिवसांत मी आठवडाभर तुझा फोन उचलला नव्हता, आठवतं? नंतर म्हणालो, मोबाइल पाण्यात पडला. खोटं बोललो. त्यातल्या एका दुपारी मी शेतात गेलो होतो, पण कामाला नाही, मरायला गेलो होतो. डबा मुद्दाम घरी ठेवला होता. वर्षाराणी तो घेऊन मागोमाग धावत आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "तुमी मराले निघाले काय? खरं सांगा." मला इतका राग आला की विचारू नकोस. मग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मी लहान पोरासारखा रडलो. तिने फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी मला अकोल्याला डॉक्टरांकडे नेलं. माझ्या खिशातल्या ज्या गोळ्यांवरून तू मला म्हातारा म्हणतोस, त्या बी.पी.च्या नाहीत. मनाच्या आहेत. अशा वेळी बोलायला सरकारचा १४४१६ नंबर आहे, तिथेही मी कितीतरी वेळा बोललोय. आता मला झोप लागते. रोज नाही, पण लागते. हे तुला दोन वर्षं सांगायची लाज वाटली, आणि त्या लाजेने मी तुला एकटं पाडलं. माफ कर.

हे सगळं बोलायचं सोडून लिहीत का बसलोय, ते तुला दिसतच असेल. मी सकाळच्या पहिल्या जीपने आलो. दोन तास दार वाजवलं, तर आतून एवढंच म्हणालास, "तू जा, इंद्रभान. मले एकट्याले राहू दे." तोंडाने बोलायला लागलो की मला चेष्टाच सुचते, म्हणून पवनच्या वहीची पानं फाडून तुझ्या पायरीवर बसून लिहितोय. झालं की दाराखालून आत सरकवतो. शेजारी तांड्यातली म्हातारी चतुराबाई बसली आहे. "दोन दिवस झाले, फौजीनं भाकर नाई खाल्ली," असं शंभरदा सांगून झालं तिचं. पवन जीप घेऊन थांबलाय, अकोल्याला माझे डॉक्टर वाट बघताहेत. तू खोकलास की मला बरं वाटतं. आवाज यायचा थांबला तर दार तोडीन, हेही आधीच सांगून ठेवतो. पण कडी तू काढावी अशी माझी फार इच्छा आहे. आणि जे वर्षाराणीने मला विचारलं तेच मी तुला विचारतो, रतन. मरायचं ठरवलं आहेस का? 'हो' असेल तर 'हो' म्हण. मी पळून जाणार नाही. फक्त ते माझ्या तोंडावर म्हण, दार उघडून.

तुझ्या पायरीवर बसलेला,
तुझाच
इंद्रभान