नव्या वाटेने गेलेले मेल

मोहाडी, बुधवार, संध्याकाळ

ऑफिसातले किती मेल इंटरनेटच्या जुन्या वाटेने, म्हणजे आयपीव्ही-फोरने, जातात आणि किती नव्या आयपीव्ही-सिक्सने, हे मोजायचं काम माझ्याकडे आहे. आज नव्याचा आकडा एकदम वाढला. सगळं नव्यावर न्यायचंय, म्हणून साहेब खूश; मला मात्र धास्ती. म्हणाले, "वाढूनच राहिलं ना मॅडम, मंग कायले घाबरता?"

पण संशयास्पद मेल अडवणारा फिल्टर फक्त जुन्या वाटेवर आहे. नवीवर मीच लावायची राहिले. कुठला मेल कधी, कुठे गेला याची नोंद, म्हणजे लॉग, पाहिला. वाढलेले सगळे मेल दुपारच्या सुट्टीत एकाच अनोळखी पत्त्यावर गेलेत. माझ्या नावाने. तेव्हा मी बाजारात वांगी निवडत होते.

पासवर्डची चिठ्ठी सगळ्यांसारखी मीही कीबोर्डखाली ठेवते, अक्षरं खाली करून. निघताना कीबोर्ड उचलला. चिठ्ठी जागेवरच होती. अक्षरं वर होती.