पुढच्या मुलीसाठी लाकडं

प्रिय आई,
फेमुंड तळ्यावरून घट्ट मिठी. मोजे ओले आहेत, पण मी ठणठणीत आहे.

काल तळ्यातल्या बेटावर एकटीनं दिवस काढायची पाळी माझी होती. आम्हा मुलींच्या मोहिमेची ताई टूरिल म्हणाली, "घाबरलीस तर शिट्टी फुंक. पण आधी चूल पेटव, राजकन्ये!"

पावसात काही पेटेना. शिट्टी ओठांना लावली, तेवढ्यात दगडाखाली कोरडी लाकडं दिसली. आधीच्या मुलीनं रीतीप्रमाणे पुढच्या मुलीसाठी ठेवलेली! जाळ झाला, धुकं विरलं, आणि समोर इतकं पाणी, इतकं आकाश, की मी नुसती उभीच राहिले.

निघताना मीही लाकडं ठेवली.

देवाघरी जाण्याआधी बाबांनी फोडलेली लाकडं तू अजून तशीच जपून ठेवली आहेस ना? जाळ ती, आई. मी आले की नवी फोडीन.

तुझी, अंगाला धुराचा वास येणारी,
सिग्रून